अळीचं आतडं आणि हरभऱ्याच्या चार ओळी

ये, इकडं जवळ ये. उंबऱ्यावर एक पाय ठेवून बोलायची तुझी सवय मला कधीच आवडली न्हाय, आणि आता तर तू उंबऱ्यावरबी नसतीस. फोन करतीस, "आत्या, जेवलात का? गोळ्या घेतल्या का?" एवढं इचारतीस आणि ठेवून देतीस. घेतल्या गं बाई गोळ्या. रोज घेते. दुसरं काय इचारायचं न्हाय का तुला? मार्गशीर्षातल्या अवसेला रानात पूजा करून जेवायचा आपला सण, तीन येळवशी झाल्या, तू आली न्हाईस. तुझा बाप येतो, रानातल्या कडब्याच्या कोपीपुढं बसून दाण्या-भाज्यांची भज्जी खातो, पोटावरनं हात फिरवतो आणि दिवस मावळायच्या गाडीनं धाराशिवला परत जातो. तू का आली न्हाईस हे तो सांगत न्हाय आणि मीबी इचारत न्हाय. सख्खा भाऊ असला तरी हे त्याला काय इचारायचं? त्याच्यापेक्षा मलाच जास्त ठाऊक हाय. तुझं दोन वर्षांचं काम माझ्या रानात बुडालं.

तिकडं कॉलेजात काय झालं ते तुझं तुला ठाऊक. पण रानात काय झालं ते मी कधी नीट बसून सांगितलं न्हाय. अर्धं सांगितलं, अर्धं गिळलं. म्हणून लिहून काढते. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचन किराणाच्या पुड्यांवर झालं, पुडी सोडली की साखर डब्यात आणि कागद माझ्या हातात. तेव्हा अक्षर हसण्यासारखं असंल, पण हसू नको. माझ्या अक्षराचीबी गोष्ट यात हाय.

चार वर्षांमागं मार्गशीर्ष लागायच्या टायमाला तू आलीस. पाठीला दप्तर आणि हातात पिशवीभर डब्या. बारक्या, काचेसारख्या दिसणाऱ्या, झाकणाला सुईनं भोकं पाडलेल्या. मला वाटलं पोरीनं कुंकवाचा धंदा काढला.

"आत्या, यात अळ्या पाळायच्यात."

"कसल्या अळ्या?"

"घाटे अळी. तुमच्या हरभऱ्यातली."

मी किती हसले होते, आठवतंय? जलमभर जिला मारलं तिला आता पाळायचं. आमच्या वक्ताला तुरीच्या बुडाखाली पोती अंथरायचो आणि झाड गदागदा हलवायचो. टपाटप पडायच्या. त्या वेचून रॉकेलच्या पाण्यात टाकायच्या, हेच आमचं औषध. पुढं फवारणी आली. पहिल्या सालाला अळी मेली, दुसऱ्या सालाला गुंगली, तिसऱ्या सालापासनं अंगावर औषध पडलं की ती नुसती मान वर करून बघायची. तुला हेच शोधायचं होतं, ती मरत का न्हाय.

तू मला समजावून सांगितलंस तेव्हा पहिल्यांदा डोक्यावरनं गेलं. अळीच्या अंगाच्या कणाकणात म्हणं सगळीकडं एकच लिखाण असतंय. आतड्यात तेच, चरबीत तेच, कातडीत तेच, डोक्यात तेच. मी म्हणलं, सगळीकडं तेच तर आतडं आतडं कसं झालं आणि कातडी कातडी कशी? तू म्हणलीस, लिखाण एकच, पण वाचतोय कोण कुठलं पान, त्यावर सगळं. मग माझ्या ध्यानात आलं. म्हणलं, "म्हंजे पंचांगासारखं. गावात घरोघरी एकच पंचांग. शेतकरी त्यात पाऊस बघतो, लग्नाची पोर असलेला मुहूर्त बघतो, गुरुजी ग्रहण बघतो, आणि माझ्यासारखी बाई नुसती उपास बघती." तू टाळी दिलीस. म्हणलीस, "आत्या, हे मी सरांना सांगणार." सांगितलंस का गं कधी?

तर तुला बघायचं होतं की अळीचं आतडं कुठलं पान वाचतंय, चरबी कुठलं, कातडी कुठलं, आणि त्यात विष जिरवायचं पान कोण उघडतंय. त्यासाठी औषध न लागलेल्या अळ्या पाहिजे होत्या. माझं रान तसं होतं. गुडघे गेल्यापासनं पाठीवरचा पंप मला उचलत न्हाय. तू बांधापासच्या चार ओळी धरल्या, चार कोपऱ्यांला खुंट्या ठोकल्या, त्यांना तांबड्या फिती बांधल्या. मला बजावलंस, "आत्या, इथं काहीबी फवारायचं न्हाय. राखसुद्धा टाकायची न्हाय. आणि अळ्यांना पाला याच ओळींचा." मी म्हणलं, व्हय. आणि मी शब्द पाळला, निदान मला तसं वाटत होतं.

येळवस झाली तशी तू त्या ओळींतल्या बारक्या अळ्या वेचल्या आणि एका डबीत एक अशा ठेवल्या. दोन ठेवल्या तर एक दुसरीला खाते, हे मला शिकवायची गरज नव्हती, मी एकत्र कुटुंबात नांदले. तू माघारी गेलीस. आठ दिवस मी सकाळ-संध्याकाळ पाला बदलला, डब्या पुसल्या, घाण काढली. हरभऱ्याच्या पाल्यावरच्या आंबट आंबेनं बोटांच्या भेगा चरचरायच्या. शेजारची म्हणायची, "काय वैनी, लेकरं बरी हायत का?" मी म्हणायची, "बरी हायत, तुझ्या सुनेपेक्षा गप बसत्यात."

नवव्या दिवशी तू बर्फाची पेटी घेऊन आलीस. ओट्यावर ताट पालथं घातलं, त्याखाली बर्फ, आणि त्यावर बारक्या कात्रीनं तू अळी उभी उकललीस. मी आधी तोंड फिरवलं. मग बघितलं. आत हिरवं नळकांडं, तेच आतडं. त्याच्या अंगाला पांढरी चरबी, दह्याच्या कवडीसारखी. कातडी अशी पातळ की खालचा बर्फ दिसावा. साठ वर्षं मी ती अळी बोटानं चिरडली आणि तिच्या आत एवढं नीटनेटकं घर हाय हे मला ठाऊक नव्हतं. तुकडे ज्या बारक्या नळ्यांत ठेवायचे त्यातल्या औषधानं तुझे हात भरलेले, म्हणून नळ्यांवरच्या चिठ्ठ्या मी लिहिल्या. तू सांगायचीस, मी लिहायची. आतड्याला "आ", चरबीला "च", कातडीला "क", डोक्याला "डो", आणि पुढं अळीचा आकडा. चौथी शिकलेल्या बाईनं लिहिलेली अक्षरं कॉलेजातल्या मशीनपर्यंत जाणार, याचा मला केवढा गर्व झाला होता. शेजारणीला मुद्दाम बोलावून दाखवल्या.

चैत्रात तुझा फोन आला. आवाज असा, जशी सोयरीक जमली. फोनवर तू चित्र पाठवलंस, तांबड्या-निळ्या चौकटींची गोधडीच. म्हणलीस, "आत्या, वरची रांग बघा. ती आतड्याची. सगळी तांबडीलाल. चरबीची निळी, कातडीची निळी. आतड्यात विष जिरवायची, जंतू मारायची सगळी पानं उघडी हायत!"

"मग बरं झालं की."

"अहो, पण त्या ओळींवर विष पडलंच न्हाय ना! विष नसताना तिचं आतडं जागं हाय. आईच्या पोटातनंच तयारी करून आली असंल. असं कुणाला दिसलं नसंल आत्या."

मला त्याचा आनंद आणि भीती दोन्ही वाटली. जन्मायच्या आधीच ती तयार असंल तर आम्ही पंप घेऊन काय करतोय? पण तू हसत होतीस म्हणून मीबी हसले. त्या उन्हाळ्यात तू दोनदा राहायला आलीस. पाडाचे आंबे खाल्लेस, माझ्या डोईला तेल घातलंस. म्हणलीस, पुढच्या साली डिग्री होईल, मग मी इथंच कुठंतरी कॉलेजात शिकवीन, तुमच्याजवळ राहीन. हे तू म्हणली होतीस. मी काही मनचं घालत न्हाय.

मग सरांनी तेच परत करून दाखवायला सांगितलं. त्याच रानातल्या अळ्यांची पिलावळ, पण हरभरा कॉलेजातल्या कुंड्यांतला. दिवाळीच्या आधी निकाल आला. आतडं गार. चरबी गार, कातडी गार, सगळी गोधडी निळी. विष नसलं की जशी असावी तशी साधी अळी.

सर म्हणले, चिठ्ठ्या उलटसुलट झाल्या असतील. "त्या म्हाताऱ्या बाईनं लिहिल्या होत्या ना?" असं ते म्हणले. हे तू मला सांगणार नव्हतीस, तुझ्या बापाच्या तोंडातनं निघालं. माझं दिवाळीचं तळण कढईत तसंच करपलं. मी काय मोठी शहाणी न्हाय, पण "आ" आणि "च" मला कळतंय.

तू फोन केलास. "आत्या, आठवून सांगा. त्या ओळींवर काय पडलं होतं का? शेजारचं औषध वाऱ्यानं आलं असंल?" आशेनं इचारत होतीस. मला वाटलं, व्हय, हेच. आणि मी चपला न घालताच शेजारच्या रानात गेले.

"भावजी, मागच्या मार्गशीर्षात औषध मारलं होतं का?"

"कशापायी?"

"आमच्या पोरीचं काम नासलं तुमच्या पंपानं!"

"ओ वैनी, म्या पंप गेल्या साली जळकोटला दुरुस्तीला टाकला तो अजून तिथंच हाय. आन् म्या काय हरभऱ्याला मारतो व्हय? त्या अळीला मारून मारून म्या म्हातारा झालो, ती अजून तरणीच हाय."

"खोटं बोलू नका."

"आई तुळजाभवानीची आण. बरं, एवढी अळीची माया हाय तर माझ्या रानातल्याबी घेऊन जावा. फुकाट."

त्याची बायको बांधावर उभी राहून हसायला लागली. मी त्याला नको नको ते बोलले. चाळीस वर्षं एका बांधावर काढलेला माणूस. त्यानं आण घेतली तरी मी मानलं न्हाय, आणि तुला फोनवर सांगितलं की त्यानंच मारलं असंल. तू ते लिहून घेतलंस. त्या बिचाऱ्यानं काहीच केलं नव्हतं.

मग येळवस आली. तू कॉलेजात अडकलेली, आली न्हाईस. मी पहाटेच भज्जी चढवली, बाजरीचे उंडे वळले. आंबील तीन दिवस आधीच घातलेली, ताकात ज्वारीचं पीठ, ठेचलेला लसूण, ओवा, जिरं, मीठ. माठ चांगला फसफसला होता. रानात कोप उभी केली, पाच दगडांना चुना लावून पांडव मांडले, पूजा झाली. मग माठ घेऊन मी रानाला फेरी घालायला निघाले. निंबाच्या डहाळीनं उभ्या पिकावर आंबील शिंपडायची, आणि येळवशीची ती जुनी कानडी आरोळी द्यायची. आजवर एक साल चुकलं न्हाय.

शिंपडत शिंपडत बांधापाशी आले आणि तुझ्या खुंट्या दिसल्या. उन्हानं फिती पांढऱ्या पडल्या होत्या. तू परत मागशील म्हणून मी त्या काढल्या नव्हत्या, हरभरापण तिथंच पेरला होता. मी हात उचलला, शिंपडलं, आणि खाली बघितलं. शेंड्याच्या पानावर आंबिलीचा पांढरा थेंब, त्यात लसणाचा बारका तुकडा. आणि त्याच पानाच्या कडेला एक हिरवी अळी. ती मान हलवत खात होती, आणि खात खात त्या थेंबात शिरली.

माठ खाली ठेवला आणि मी ओळीतच बसले. तीन दिवसांची आंबट आंबील प्यायली की माझंच पोट दोन दिवस बोलतं. मग त्या बोटाएवढ्या जिवाचं काय होत असंल? त्याचं आतडं जागं न्हाय होणार तर काय होणार? चरबीला काय पत्ता, कातडीला काय पत्ता. जे पडलं ते आतड्यात पडलं. म्हणून तेवढीच रांग तांबडी. आणि चिठ्ठ्या बरोबर होत्या. "आ" म्हंजे आतडंच होतं.

तू मला इचारलं होतंस, काही फवारलं का. मी म्हणलं होतं, न्हाय. खोटं बोलले न्हाय. देवाचं केलेलं कोण त्यात धरतं? तूबी धरलं न्हाईस. तुझ्या वहीत पावसाचा थेंब लिहिला होता, दहिवर लिहिलं होतं, येळवस लिहिली नव्हती. आपल्या घरात वाढलेल्या माणसाला ते दिसतच न्हाय, दिसलं असतं तर परक्याला दिसलं असतं.

मी आठ दिवस गप्प बसले. मनात आलं, सांगूच नये. तू सरांशी भांडत होतीस, कदाचित सर मानतीलबी, डिग्री होईल, तू जवळ येशील. मग वाटलं, तुझं लिखाण वाचून कुणी शेतकऱ्याला सांगंल की बाबा, अळी जन्माला येतानाच तयार असती. आणि ते माझ्या लसणाच्या तुकड्यावर उभं असंल. नवव्या दिवशी फोन लावला. सगळं सांगितलं. मग तू म्हणलीस, "आत्या, ते मीच शिंपडलं होतं. त्या साली माठ माझ्या डोक्यावर होता."

माझं अक्षर आळातनं सुटलं आणि तुझं काम बुडालं.

तू सरांना खरं ते लिहून दिलंस. सर म्हणले, प्रामाणिकपणा चांगला हाय, पण याचं करायचं काय. मी म्हणलं, मग आंबिलीवरच कर की काम! परत शिंपड, परत कापून बघ. बाटलीत आंबील भरून यष्टीच्या कंडक्टरच्या हाती दिली. ती वाटेत फुगून फुटली, आणि कंडक्टर अजून मला बघितलं की नाकाला रुमाल लावतो. दुसरी पाठवली ती पोचली, पण तिचा उपयोग झाला न्हाय. त्या साली घरची म्हैस होती, आता ताक डेअरीचं. लसूण वेगळा, माठ वेगळा. ती आंबील त्या सालासंगं गेली. तुझी मुदतबी सरली. आता तू पुण्यात कंपनीत बसतीस आणि दुसऱ्यांनी केलेल्या कामाचे कागद तपासतीस. पोटापाण्याचं हाय, मी नावं ठेवत न्हाय. पण तुझ्या आवाजात आता चैत्रातली ती गंमत न्हाय, आणि ती परत यायची न्हाय हे मला कळतंय.

आता जे गिळलं होतं ते सांगते.

त्या पहिल्या येळवशीला तू माठ घ्यायला तयार नव्हतीस. "आत्या, दमले मी." मीच म्हणलं, लेकीनं शिंपडलं की रान पिकतं, घे डोक्यावर. तू हसत, आरोळ्या देत निघालीस. आणि खुंट्यांपाशी येऊन थांबलीस. मागं वळून मला इचारलंस, "आत्या, इथलं सोडू का?"

मी कोपीतनं ओरडले, "देवाच्या दिवशी रानातला कोपरा कोरडा ठेवतात व्हय? शिंपड!"

तू शिंपडलंस.

तू म्हणलीस, मीच शिंपडलं, आणि मी नुसतं ऐकून घेतलं. तू इचारलं होतंस, मीच शिंपडायला लावलं, हे माझ्या तोंडातनं निघालं न्हाय. तू ते इसरली असशील, न्हाय तर आठवत असून माझ्या वयाकडं बघून बोलली नसशील. दोन्हीतलं कुठलं जास्त वाईट, हे मला अजून ठरवता येत न्हाय. तुझी चूक नव्हती. एवढं लिहायलाच मी बसले होते, आणि बघ किती पानं गेली.

हे लिहून तुझं काही परत यायचं न्हाय. अळी तशीच हाय, यंदाबी घाट्यांना भोकं पाडंल. शेजारचे भावजी बोलतात, पण पहिल्यासारखं न्हाय. गुडघ्यांनी आता पुरतं सोडलं, पुढच्या सालापासनं रान बटईनं द्यायचं ठरलंय. ज्याला देणार तो म्हणतो, कोप-बिप मला जमायचं न्हाय. म्हंजे यंदाची येळवस ही त्या रानातली आपली शेवटची.

तुझ्या डब्या फळीवर तशाच हायत. एकीत मी सुपारी ठेवते, बाकीच्या रिकाम्या. आणि त्या चार ओळींवर, तेव्हापासनं, मी आंबील शिंपडत न्हाय. बाकी रानाला फेरी घालते आणि खुंट्यांपाशी आले की हात आपोआप खाली येतो. कोरड्याच ठेवते. देवाला काय वाटायचं ते वाटू दे. पण हे बरोबर का चूक, ते मला एकटीला कळत न्हाय.

तर तू ये. येळवसलाच ये असं न्हाय, त्या दिवशी तुला नको वाटत असंल तर आधी ये, हरभरा आत्ताच वीतभर झालाय. आंबील घालणार न्हाय, साधी भाकर आणि ठेचा करते. माझ्या हाताला धर आणि बांधापर्यंत ने, एकटीला आता जमत न्हाय. त्या खुंट्या उपटायच्या का ठेवायच्या, ते तू सांग. लवकर ये गं.